हर्बीला कुणाचे पाय बसतील?

दोस्तांनो, सायकलचा चिमटा बदलून पाहिलाय का कधी? मी सातवीत असताना पाहिला होता. माझ्या सायकलचा चिमटा वाकला, म्हणून अडगळीत पडलेल्या मोठ्या भावाच्या सायकलचा काढला. कंपनी तीच, रंग तोच. बसवायला गेलो तर त्याचा दांडा बोटभर लांब! शिवाय छर्रे अंगणभर घरंगळले, ते वेगळंच.

मोटारींच्या बाबतीत असा घोळ मोठी माणसंही घालतात. तो समजून घ्यायला फोक्सवॅगनची बीटल ही झकास गाडी आहे. १९६८ सालचा ‘द लव्ह बग’ सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला खोडकर हर्बी आठवा. तो १९६३ची बीटल. अशी शेवटची गाडी मेक्सिकोत ३० जुलै २००३ रोजी तयार झाली. तोवर एकूण २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल बनल्या होत्या आणि चेहरा जवळपास तोच! त्यामुळे जुनी बीटल जपणारे लोक भंगारातल्या दुसऱ्या बीटलचे भाग काढून आपल्या गाडीला लावतात.

आता जरा गाडीखाली वाकून बघू. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये दोन आडव्या नळ्या दिसतात, एकीवर एक. हा झाला बीम. नळ्यांच्या आत पोलादी पट्ट्यांचे जुडगे असतात. तुमची प्लास्टिकची फूटपट्टी घ्या, एक टोक घट्ट धरा आणि दुसरं हळूच पिळा. सोडलं की ती पुन्हा सरळ होते ना? तेच इथं होतं. चाक दगडावर चढलं की पट्ट्यांना पीळ बसतो, दगड गेला की पीळ सुटतो आणि चाक जागेवर येतं. हा सगळा बीम सांगाड्याला चार मोठ्या बोल्टांनी बसवलेला असतो. चारच बोल्ट म्हटल्यावर अदलाबदलीचा मोह होणारच!

पण खरी मेख आहे सांध्यात. शाळेत तुम्ही बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा शिकलात. आपली कोपरं बिजागरीसारखी, खांदा उखळीसारखा. हर्बीच्या चाकाला बिजागऱ्या आहेत. एक उभी खीळ, तिच्याभोवती चाक डावीउजवीकडे वळतं. शिवाय वर-खाली आडव्या खिळी, त्यांच्यामुळे ते वरखाली हलतं. या खिळींना वेळोवेळी ग्रीस पाजावं लागतं. ऑगस्ट १९६५ पासून बनलेल्या, म्हणजे १९६६च्या मॉडेलच्या बीटलमध्ये मात्र उखळीचे सांधे आले. एकच गोळा दोन्ही कामं करतो. दोन नळ्यांमधलं अंतरही वाढलं.

म्हणजे काय झालं? खिळीवाल्या गाडीचा चाकाचा खुंट गोळ्यावाल्या गाडीच्या हाताला बसणारच नाही. ठोकून, घासून, वेल्डिंग करून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको. हा सांधा वाटेत निखळला, तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. ब्रेक दाबायलाही वेळ मिळेलच असं नाही. म्हणून जाणते मेकॅनिक सुटे तुकडे न घेता अख्खा बीमच घेतात. स्टिअरिंगचा डबा आणि टाय-रॉडही त्याच गाडीचे घेतलेले बरे. सांगाड्यावरची बोल्टांची जागा तीच राहिल्यामुळे नवा बीम थोड्या खटपटीनं जुन्या गाडीला बसतो. मग चाकांचं अलाइनमेंट मात्र करून घ्यायलाच हवं.

एवढं करूनही एक फजिती उरते, बरं का! हर्बीच्या चाकाला पाच बोल्ट. अमेरिकेत गेलेल्या बीटलना १९६८च्या मॉडेलपासून चार बोल्ट आले. म्हणजे तिकडचा १९६८चा अख्खा पुढचा भाग लावला, तर पुढं चार भोकांची चाकं आणि मागं पाच भोकांची. आता स्टेपनी कोणती ठेवणार? मागचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी पुढची निघाली, म्हणजे बसा रस्त्याच्या कडेला! (पुढं पुढं तर बीटलच्या स्टेपनीतल्या हवेच्या दाबानं काच धुवायचं पाणी उडायचं. गंमतच!)

आणि सगळ्यात मोठा चकवा आला १९७०च्या ऑगस्टमध्ये. साधी बीटल चालूच राहिली, पण तिच्या जोडीला १३०२ नावाची बहीण आली. तिला बीमच नाही! प्रत्येक पुढच्या चाकावर एक उंच खांब, त्यातच स्प्रिंग आणि शॉकअप. सांगाड्याचं पुढचं टोकच वेगळं. त्यामुळे १९६३च्या हर्बीला १९७१च्या साध्या बीटलचा बीम लावता येतो, पण १९७१च्याच दोन बहिणींचे पाय एकमेकींना लागत नाहीत!

मग ओळखायचं कसं? जुनी बीटल कुठं दिसली, तर मालकांना विचारून पुढचं झाकण उघडायला सांगा. (इंजिन मागं असतं, तिथं सामान ठेवतात.) स्टेपनी उभी असेल तर खाली बीम आहे. आडवी निजलेली असेल, तर खांब.