गिटार आणि पियानो : बरोबरीची जोडी

व्हिएन्नामध्ये १८१४च्या सुमारास एक वेगळीच रचना आकाराला आली. ‘ग्रँड ड्युओ कॉन्सर्टांट’ ही रचना फक्त गिटार आणि पियानो या दोन वाद्यांसाठी होती, आणि तिचे कर्तेही दोघे होते : गिटारवादक माउरो जुलियानी आणि पियानोवादक इग्नाझ मोशेलेस.

दक्षिण इटलीतल्या बिशेलिए गावचा जुलियानी १८०६ साली व्हिएन्नात आला. गिटार म्हणजे गाण्याला साथ देणारं घरगुती वाद्य, असा तिथला समज होता. त्याने १८०८ मध्ये ऑर्केस्ट्रासोबत स्वतःचा कॉन्चेर्टो वाजवून तो समज मोडला. मोशेलेस त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. मूळचा प्रागचा हा तरुण १८१४ साली खुद्द बेथोवनच्या नजरेखाली ‘फिदेलिओ’ ऑपेराची पियानोप्रत तयार करत होता. आदल्याच वर्षी, ८ डिसेंबरला, बेथोवनची सातवी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली, त्या कार्यक्रमाच्या वादकवृंदातही हे दोघे होते.

पण ही जोडी जमायला निव्वळ ओळख पुरेशी नव्हती; ही दोन वाद्यं एकत्र जुळवणं मुळात अवघड. व्हायोलिनचा सूर गजाने हवा तितका लांबवता येतो. गिटार आणि पियानो या दोघांचा सूर मात्र उमटताक्षणीच विरू लागतो. शिवाय गिटारचा मुक्काम पियानोच्या डाव्या हाताच्या इलाख्यात : तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनांची. इतक्या सारख्या स्वभावाचे दोन आवाज एकाच जागी आले, की दुबळा आवाज हरवतो.

तो हरवला नाही, याचं श्रेय त्या काळच्या व्हिएनीज पियानोलाही द्यायला हवं. लाकडी सांगाडा, बारीक तारा, कातडं लावलेल्या छोट्या हातोड्या. नाद स्वच्छ, हलका आणि लवकर विरणारा. त्यामुळे जुलियानीच्या गिटारच्या, आतड्यापासून केलेल्या तारांना श्वास घ्यायला जागा मिळे. नेहमीपेक्षा दीड स्वर वर लावलेली छोटी ‘टेर्त्स’ गिटारही तेव्हा प्रचारात होती. ती तर पियानोतून आणखी ठळक उठून येई. रचनाही तशाच जाणत्या. ‘ग्रँड ड्युओ’मध्ये दोन्ही वाद्यं आळीपाळीने पुढे येतात, गिटारकडे सुरावट आली, की पियानो आवरता हात घेतो. योहान नेपोमुक हुमेल आणि कार्ल मारिया फोन वेबर यांनीही याच जोडीसाठी लिहिलं.

मग वाटा फुटल्या. कर्जात बुडालेल्या जुलियानीने १८१९ मध्ये व्हिएन्ना सोडलं. दहा वर्षांनी तो नेपल्समध्ये वारला. मोशेलेस लंडनमध्ये नावारूपाला आला, १८४६ पासून मेंडेल्सझोनच्या लाइपझिग संगीतशाळेत शिकवू लागला, आणि १८७० पर्यंत जगला. त्याच्या डोळ्यांदेखत पियानोला लोखंडी सांगाडा आला, तारांचा ताण वाढत गेला, आवाज मोठमोठी सभागृहं भरू लागला. गिटारला त्या वेगाने वाढणं शक्यच नव्हतं.

तरी ही जोडी संपली नाही. मारिओ कास्तेलनुओव्हो-तेदेस्कोने १९५० साली तिच्यासाठी ‘फँटासिया’ लिहिली. गिटारवादक फ्रान्झ हलास आणि पियानोवादक देबोरा हलास या दांपत्याने ब्राझीलच्या रादामेस न्यातालीचं संगीत ध्वनिमुद्रित केलं आहे. ‘ग्रँड ड्युओ’ मात्र आधी जुन्या घडणीच्या पियानोवरच ऐकावं आणि मग आधुनिक पियानोवर. गिटारवादकाला किती झगडावं लागतं, हे पहिल्या काही मिनिटांतच कानाला कळतं.