गावाची नगरपंचायत झाली, तर नेमकं बदलतं काय?

राज्यात साधारण १० ते २५ हजार वस्तीच्या, शेतीबाहेरचा रोजगार वाढलेल्या गावाची नगरपंचायत होते. २५ ते ४० हजारांपर्यंत ‘क’ वर्ग नगरपरिषद, एक लाखापर्यंत ‘ब’, त्यापुढे ‘अ’. तालुक्याच्या गावांना मात्र २०१४ च्या निर्णयाने सरसकट नगरपंचायत मिळाली.

नुसती पाटी बदलत नाही. सरपंच जातो, नगराध्यक्ष येतो; कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हाती. घरकुल शहरी योजनेतून. जिल्हा परिषद, पंचायत समितीचं मतदान बंद. आणि खरा तोटा म्हणजे ग्रामसभा संपते. उभं राहून हिशेब विचारायची हक्काची जागाच जाते.

म्हणून प्रारूप अधिसूचना निघाली की मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या.