कॉम्प्युटरची थट्टा आणि आपला धंदा

भोसरी एमआयडीसीत दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर उभे राहिले की पूर्वी बोलणे व्हायचे ते स्टीलच्या भावाचे आणि अडकलेल्या बिलांचे. आता त्यात कॉम्प्युटरची भर पडली आहे. अशाच एका टपरीवर एक बुजुर्ग डायमेकर शेजारच्या कारखानदाराला म्हणाले, "भाई, तुमचे विंडोज म्हणजे जुना टेम्पो. सकाळी धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही." शेजाऱ्याने लगेच परतफेड केली, "आणि चाचा, तुमच्या मुलाने बसवलेले लिनक्स? ते चालू होते, पण प्रिंट काढायची म्हटली की मुलाला कॉलेजातून बोलवावे लागते!" सगळे हसले, चहा संपला आणि जो तो आपापल्या शॉपकडे वळला.

आम्हीही हसलो. पण नंतर विचार केला की ज्या थट्टेवर जगभरचे लोक तीस-तीस वर्षे हसत आले आहेत, तिच्या मागे काहीतरी खरा दोष असलाच पाहिजे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बिल, ई-वे बिल, ड्रॉइंग आणि मशीनचा प्रोग्राम ही सारी कामे पुष्कळदा एकाच कॉम्प्युटरवर चालतात. तो थांबला की माल तयार असूनही टेम्पो दारातून हलत नाही. म्हणून या थट्टा जरा उलगडून पाहाव्यात, असे आम्हाला वाटले.

सुपरवायझर कोण?

कॉम्प्युटरमध्ये टॅली, ड्रॉइंगचा प्रोग्राम, इंटरनेट अशी अनेक कामे चालतात. हे सगळे कारागीर समजा. कोणाला कोणते मशीन द्यायचे, स्टोअरमधून काय काढायचे, कोणी थांबायचे, हे ठरवणारा एक सुपरवायझर लागतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आज कॉम्प्युटरवर असे तीन प्रमुख सुपरवायझर दिसतात: मायक्रोसॉफ्टचे विंडोज, ॲपल कंपनीचे मॅक आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले लिनक्स. तिघांचे चाहते एकमेकांची टिंगल करण्याची संधी सोडत नाहीत.

विंडोज: सर्वांशी जमवून घेणारा

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले आणि पहिली थट्टा त्याच्या बटनानेच पुरवली. कॉम्प्युटर बंद करायचा असेल तर आधी 'स्टार्ट' दाबा! दुसरी थट्टा निळ्या पडद्याची. काम चालू असताना अचानक पडदा निळा होतो, त्यावर न समजणारे आकडे येतात आणि सगळे ठप्प होते. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, नवे विंडोज ९८ दाखवताना, स्कॅनर जोडताच हा निळा पडदा भर सभेत अवतरला. म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेले नाही, असे म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली.

त्याच सुमारास मोटारींचा एक किस्सा जगभर फिरला. गेट्स म्हणे म्हणाले की मोटारींनी कॉम्प्युटरइतकी प्रगती केली असती तर गाडी कवडीमोलाने मिळाली असती. त्यावर जनरल मोटर्सने म्हणे उत्तर दिले, खरे आहे, पण ती गाडी दिवसातून दोनदा विनाकारण रस्त्यात बंद पडली असती, आणि अपघातात एअरबॅग उघडण्याआधी तिने 'नक्की उघडू का?' असे विचारले असते. कंपनीने असे उत्तर दिल्याची गोष्ट रचलेली आहे. पण ज्या पट्ट्यात घरटी एक माणूस गाडीच्या सुट्या भागांवर पोट भरतो, आणि ज्याच्या शेजारी तळेगावात २००८ ते २०२० या काळात जनरल मोटर्सचाच कारखाना होता, तेथे हा किस्सा लगेच कळतो. आपल्या पार्टमध्ये काही मायक्रॉनचा फरक पडला तर लॉट परत येतो. मग कॉम्प्युटरला इतकी सवलत का?

त्याचे कारण विंडोजच्या गुणातच आहे. विंडोज कोणत्याही कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालते आणि हजारो कंपन्यांचे प्रिंटर, स्कॅनर, कार्ड त्याला जोडता येतात. प्रत्येक वस्तूबरोबर तिला चालवणारा छोटा प्रोग्राम येतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यातले अनेक ड्रायव्हर अगदी सुपरवायझरच्या टेबलापाशी बसून काम करतात. तेथे एकाने घोळ घातला की सुपरवायझर पुढचे नुकसान टाळण्यासाठी सगळी शॉपच बंद करतो. निळा पडदा म्हणजे तोच मेन स्विच.

आता वर्कशॉपमध्ये हमखास भेटणारी एक गंमत. एखादा मुलगा कनेक्टिंग रॉडची ड्रॉइंग ठेवण्यासाठी इंग्रजीत 'कॉन', म्हणजे सी-ओ-एन, या नावाचे फोल्डर करायला जातो. विंडोज ते नाव घेत नाही! याचे कारण मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक नाही, असे निरोप एके काळी सायबर कॅफेतून पसरत असत. त्यात काही तथ्य नाही. जुन्या डॉस सिस्टीममध्ये 'कॉन' हे कीबोर्ड आणि पडद्याचे नाव होते, तसे 'पीआरएन' प्रिंटरचे आणि 'कॉम-१' सिरियल केबलच्या पोर्टचे. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ही नावे अजून राखून ठेवली आहेत. 'कॉन रॉड' असे पूर्ण नाव द्या, फोल्डर तयार होते. म्हणजे ज्या जुन्या वळणावर आपण हसतो, त्याच वळणामुळे आपले जुने प्रोग्राम चालू राहतात.

मॅक: आपल्याच घरात राहणारा

मॅकचे चाहते विंडोजला हसतात, पण त्यांच्याकडेही गमती आहेत. जुन्या मॅकमध्ये फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकावे लागे. नवख्या माणसाला वाटे, आपले सगळे काम भंगारात गेले. २०१५ मध्ये ॲपलने असा माऊस काढला की चार्जिंगची वायर त्याच्या पोटाखाली लागते. चार्जिंग चालू असताना तो उलटा पडून राहतो आणि काम बंद.

ॲपल यंत्र आणि सिस्टीम दोन्ही स्वतः बनवते. त्यामुळे परक्या ड्रायव्हरचा त्रास कमी, छपाई आणि डिझाइनवाल्यांची पसंती जास्त. पण किंमत मोठी, आणि कंपनीने ठरवले तसेच वागावे लागते. मशीन शॉपला लागणारे पुष्कळ प्रोग्राम त्यावर मिळतही नाहीत.

लिनक्स: फुकटचा, पण मानी

१९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून लिनक्सची सुरुवात केली. ते फुकट मिळते आणि त्याची आतली रचना कोणालाही पाहता, बदलता येते. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे, म्हणजे लिनक्सला नावे ठेवणारा माणूस पैसे मात्र त्याच्याच भरवशावर घेत असतो.

त्याच्यावरची थट्टा अशी की लिनक्स फुकट आहे, पण ज्याच्या वेळेला किंमत नाही त्यालाच. काही बिघडले तर फोन कोणाला करायचा? स्वतः शिकावे लागते किंवा जाणकार शोधावा लागतो.

लिनक्सची एक सवय तर वर्कशॉपवाल्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. ते इंग्रजीतील मोठे आणि छोटे अक्षर वेगळे मानते. 'बुश' या पार्टचे नाव एकदा मोठ्या बीने आणि एकदा छोट्या बीने लिहिले तर त्याच्या दृष्टीने त्या दोन फाइली झाल्या. विंडोज दोन्ही एकच समजते. एकीत जुने माप राहिले आणि तीच मशीनवर गेली, तर सगळा लॉट भंगारात.

ओळ कशी संपवायची?

तिघांचे एक भांडण तर टाइपरायटरच्या काळातून आले आहे. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी होत: कागद धरणारा भाग सरकवून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणणे आणि कागद एक ओळ वर चढवणे. टेलिप्रिंटरमध्ये याच कामांसाठी दोन वेगळ्या खुणा होत्या. विंडोजने दोन्ही ठेवल्या. लिनक्सने फक्त दुसरी घेतली. जुन्या मॅकने फक्त पहिली घेतली होती. त्यामुळे लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसे. ही अडचण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये दूर केली.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट सीएनसी मशीनला केबलने प्रोग्राम पाठवताना महागात पडू शकते. काही जुन्या कंट्रोलरना प्रत्येक ब्लॉकचा शेवट ठरावीक खुणेनेच लागतो. ती मिळाली नाही तर अलार्म येतो आणि ऑपरेटर दिवसभर केबललाच दोष देत बसतो.

थट्टा महागात पडते तेव्हा

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला. त्याने १५० हून अधिक देशांतील विंडोज कॉम्प्युटरमधील फाइली कुलूपबंद करून ३०० डॉलरची मागणी केली. मोटार उद्योगाला त्याचा मोठा फटका बसला. रेनॉचे कारखाने थांबले, चेन्नईजवळच्या रेनॉ-निस्सान कारखान्यालाही झळ पोहोचली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. चाकणचा निर्यातीचा माल ज्या बंदराकडे जातो, तेच हे बंदर.

१९ जुलै २०२४ रोजी तर व्हायरससुद्धा नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष सुधारणा सुपरवायझरच्या टेबलापर्यंत पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख कॉम्प्युटरवर निळा पडदा आला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. लिनक्सवाले त्या दिवशी हसले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या एका छोट्या भागात कोणीतरी चोरवाट घुसवल्याचे उघड झाले होते. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका इंजिनिअरने पिच्छा पुरवला म्हणून ती सापडली.

यावरून आम्हाला दिसते ते असे. प्रत्येक सिस्टीमचा दोष तिच्या गुणाच्याच पोटातून आला आहे. विंडोज सर्वांशी जुळवून घेते म्हणून अडखळते, मॅक स्वतःचे घर सांभाळते म्हणून महाग पडते, लिनक्स मोकळे आहे म्हणून जबाबदारी आपल्यावर टाकते. तेव्हा सर्वांत चांगली कोणती, हा प्रश्न टपरीवर ठीक आहे. शॉपमध्ये प्रश्न एवढाच, की कोणता दोष आपल्या धंद्याला सोसेल?

आपल्या शॉपचा हिशोब

मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर अनेक ठिकाणी अजून विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत. मशीनचा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालत नसेल तर तो बदलू नका, पण त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. पेनड्राइव्ह आधी तपासून मगच लावा आणि मशीनच्या सर्व प्रोग्रामची प्रत दुसरीकडे ठेवा.

बिलाच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा सुरक्षेची योजना काढली, पण ती नाव नोंदवल्याशिवाय लागू होत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. नवा म्हणून सेकंडहँड कॉम्प्युटर घेण्यापूर्वी एवढे विचारा.

टॅली विंडोजवरची आहे, म्हणून हिशोबासाठी विंडोज ठेवणे सोयीचे. मात्र ते हक्काचे असावे. फुकट मिळालेल्या 'क्रॅक' कॉपीबरोबर काय आत आले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दुसरा जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स घालून पाहा. ई-मेल, पत्रे आणि ब्राउझरमधली पुष्कळ कामे तो करू शकेल. डिजिटल सहीचे टोकन त्यावर चालते का, तेवढे आधी तपासा.

मराठीतील पत्रे आणि कोटेशन जुन्या फॉन्टमध्ये असतील तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांची अक्षरे विचित्र दिसतात. ती युनिकोडमध्ये करून घ्या, म्हणजे तिन्ही सिस्टीमवर वाचता येतील.

सर्वांत महत्त्वाचे, दर आठवड्याला टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंग वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

ती डिस्क कपाटात असेल तर टपरीवर पडदा निळा झाल्याची बातमी आली तरी चहा सांडणार नाही. नाहीतर सगळे हसत असतील आणि आपला टेम्पो मात्र दारात उभा असेल.