प्रश्नपत्रिका कोण काढतं? (लेखांक नववा)

आज बार्सिलोनाला जायचं ठरलं होतं. कातालोनियातल्या सार्वमताची १ ऑक्टोबर २०१७ची ती सकाळ, शाळा बंद होऊ नयेत म्हणून रात्रभर आत मुक्काम करून राहिलेले लोक, प्लास्टिकच्या पांढऱ्या मतपेट्या, हे सगळं लिहायला घेतलंही होतं. पण मंगळवारी म्हापशाहून एक पत्र आलं आणि ती पानं बाजूला ठेवली. कातालोनिया पुढच्या आठवड्यात.

पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय ऐंशीच्या पुढे, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं सुबक. कॅनडातल्या क्वेबेकच्या १९९५च्या सार्वमतावरचा गेला लेख वाचून त्या लिहितात, ‘तुम्ही ५०.५८ आणि ४९.४२ असे टक्के दिलेत, पुढाऱ्यांची भांडणं सांगितलीत, पण लोकांना नेमका प्रश्न काय विचारला होता ते कुठेच नाही. मी तीस वर्षं पेपर काढले. वर्गातली मुलं कुठे अडणार हे पेपर काढणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तिथे पेपर कोणी काढला होता?’ आणि सहीच्या वर एक ओळ, ‘आम्हाला १९६७ साली प्रश्न नव्हताच. एक फूल होतं आणि दोन पानं होती.’

बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे. निकाल सांगून प्रश्न गाळला ही माझी चूक.

माझ्याकडे एक लांबट जुनी वही आहे. तिच्यात डाव्या पानावर सार्वमताचा प्रश्न उतरवायचा आणि उजव्या पानावर निकाल, असा माझा बावीस वर्षांचा नेम आहे. लोक उजवं पान बघतात. मी डाव्या पानावर रेंगाळतो, कारण खरी लढाई तिथे झालेली असते.

क्वेबेकचा १९८०चा प्रश्न माझ्या वहीत डाव्या पानावर मावतच नाही. शंभराहून जास्त शब्दांचा आहे तो. मतदान करायला गेलेल्या माणसाने आधी एक परिच्छेद वाचायचा. क्वेबेक सरकारने उरलेल्या कॅनडाशी बरोबरीच्या नात्याने नवा करार करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्या करारान्वये कायदे करणं, कर बसवणं, परदेशांशी संबंध ठेवणं हे सगळं क्वेबेककडे येईल. मात्र आर्थिक भागीदारी राहील, चलनही दोघांचं एकच असेल. आणि वाटाघाटींतून जे निघेल ते पुन्हा सार्वमत घेतल्याशिवाय लागू होणार नाही. एवढं वाचून झाल्यावर मूळ प्रश्न येतो, अशा वाटाघाटी करायला तुम्ही सरकारला अधिकार देता का?

यात ‘वेगळं व्हायचं का’ हे कुठेच नाही. क्वेबेकचा तेव्हाचा मुख्यमंत्री रने लेव्हेक हा मूळचा पत्रकार, भाषेवर हुकमत असलेला माणूस. लोक एका उडीत दरी ओलांडणार नाहीत हे त्याने ओळखलं होतं, म्हणून त्याने मध्ये पायऱ्या बांधल्या. आधी बोलणी, मग पुन्हा विचारू, आणि चलन तर जाणारच नाही. क्वेबेकच्या कायद्याप्रमाणे सार्वमताच्या प्रश्नावर विधिमंडळात पस्तीस तास चर्चा होते, तशी ती झालीही. तरी २० मे १९८० रोजी जवळजवळ साठ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. वेगळं व्हायची ज्यांना भीती होती त्यांची भीती इतक्या पायऱ्या बघूनही गेली नाही, आणि मनातून वेगळं होऊ पाहणाऱ्यांना या मतपत्रिकेत आपलं स्वप्न सापडेना. लेव्हेकबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तो प्रश्न चुकला होता असंच माझं मत आहे.

१९९५च्या वेळचा मुख्यमंत्री जाक पारिझो हा वेगळ्या जातकुळीचा. अर्थशास्त्रज्ञ, लंडनमध्ये डॉक्टरेट केलेला, थ्री-पीस सूट घालणारा आणि आडपडदा न ठेवणारा. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने जो मसुदा मांडला त्यातला प्रश्न सरळ होता. क्वेबेकचं सार्वभौमत्व जाहीर करणाऱ्या कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का? हो किंवा नाही. पण चाचण्यांचे आकडे हलेनात. ओटावाच्या संसदेतला सार्वभौमत्ववादी नेता लुसियँ बुशार आणि पंचविशीतला प्रांतिक पक्षनेता मारिओ द्युमाँ या दोघांनी एकच गोष्ट धरून ठेवली, ‘भागीदारी’ हा शब्द प्रश्नात आलाच पाहिजे. १२ जून १९९५ला तिघांनी करारावर सह्या केल्या आणि ३० ऑक्टोबरच्या मतपत्रिकेवर आला तो हा प्रश्न : कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव दिल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्याविषयीच्या विधेयकाच्या आणि १२ जून १९९५च्या कराराच्या चौकटीत, क्वेबेकने सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का?

हे वाक्य हळू वाचा. ‘प्रस्ताव दिल्यानंतर’ असं आहे, ‘कॅनडाने तो मान्य केल्यानंतर’ असं नाही. सगळी मेख त्या दोन शब्दांत आहे. आणि १२ जूनचा करार कोणाकोणात झाला, हे प्रश्नात सांगितलेलं नाही. तो कॅनडाशीच झाला असावा असं कुणाला वाटलं, तर त्याला दोष देता येत नाही. प्रत्यक्षात तो एकाच बाजूच्या तीन पुढाऱ्यांमधला होता. ‘हो’ म्हणूनही आपण कॅनडात राहू, अशी काही मतदारांची समजूत असल्याचं तेव्हाच्या चाचण्यांतून दिसलं होतं. अशा प्रश्नावर ९३ टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि ‘नाही’ जिंकलं ते ५४,२८८ मतांच्या फरकाने. बाद मतं त्याहून जास्त, सुमारे ८६ हजार. म्हापशाच्या बाईंना उत्तर हवं होतं ते असं : पेपर तिघांनी मिळून काढला, आणि पारिझोच्या हातचा मूळ पेपर बदलून काढला.

पुढे ऑगस्ट १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी फुटून निघता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटींना बसावंच लागेल. या ‘स्पष्ट’ शब्दावर २००० साली संसदेने एक कायदाच केला. नुसता वाटाघाटींचा अधिकार मागणारा प्रश्न अस्पष्ट धरला जाईल आणि कॅनडाशी आर्थिक-राजकीय व्यवस्थेची सरमिसळ करणारा प्रश्नही अस्पष्ट धरला जाईल, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे लेव्हेकचा पेपर आणि त्या तिघांचा पेपर, दोन्ही पुढच्या वेळेसाठी रद्द.

प्रश्नाविषयीचा हा नियम मला पटतो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग पटत नाही. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के, हे त्यात दिलेलंच नाही. मतदान झाल्यावर कॅनडाची लोकसभा ते ठरवणार. पास व्हायला किती गुण लागतात हे निकाल हाती आल्यावर ठरवणं कुठल्याही शाळेत चालणार नाही. १९७९ साली स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा ही अट जाचक होती. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण यादीच्या ते ३२.९ टक्केच भरले, आणि विधिमंडळ वीस वर्षं लांबलं. तरी ती अट आधी सांगितलेली होती.

स्कॉटलंडचं नाव आलंच आहे तर तिथलं एक काम मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडतं, ते सांगतो. पण आधी एक घरची गोष्ट.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा वाहनतळाचा ठराव आला. वाचून झाल्यावर खुर्चीवरून विचारलं गेलं, ‘सर्वांना मान्य आहे ना?’ पाठोपाठ ‘मान्य, मान्य’ झालं आणि विषय संपला. घरी येताना जिन्यात निम्मे लोक कुरकुरत होते, मीही त्यात होतो. ‘मान्य आहे ना’ या तीन शब्दांपुढे हात वर करून ‘नाही’ म्हणणं माणसाला जड जातं. आपण काय करावं असं मोकळं विचारलं असतं, तर तिथे नक्की वाद झाला असता.

अॅलेक्स सॅमंडच्या सरकारने २०१४च्या सार्वमतासाठी सुचवलेला प्रश्न असाच होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा हे तुम्हाला मान्य आहे का?’ तो निवडणूक आयोगाकडे गेला. आयोगाने सामान्य माणसांना तो वाचायला दिला, त्यांच्याशी बोलून बघितलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की ‘मान्य आहे का’ हे शब्द होकाराकडे झुकवतात, ते काढा. उरला तो, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ मूळ इंग्रजीत सहा शब्द. सॅमंडच्या सरकारने तो बदल त्याच दिवशी मान्य केला. निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७ असा त्यांच्या विरोधात गेला, पण आम्हाला प्रश्न कळला नव्हता असं कोणी म्हणालं नाही. पेपर काढणाऱ्याने तो तिसऱ्याकडून तपासून घेतला, आणि तोही आधी. माझ्या वहीतलं हे सर्वात स्वच्छ पान आहे.

सर्वात गुंतागुंतीचं पान १७ मार्च १९९१चं. त्या दिवशी गोर्बाचेव्हने साऱ्या सोव्हिएत संघाला विचारलं, समान सार्वभौम प्रजासत्ताकांचा नव्याने बांधलेला संघ, ज्यात कुठल्याही राष्ट्रीयत्वाच्या माणसाचे हक्क आणि स्वातंत्र्य पुरेपूर सुरक्षित असतील, तो टिकवणं तुम्हाला आवश्यक वाटतं का? समान, सार्वभौम, हक्क, स्वातंत्र्य! एवढं सगळं एका ताटात वाढल्यावर ‘नाही’ कशाला म्हणायचं? युक्रेनमध्येही सुमारे सत्तर टक्के ‘हो’ म्हणाले. पण किएव्हच्या संसदेने त्याच दिवशी आपला एक वेगळा प्रश्न जोडला होता, युक्रेनने आपल्या सार्वभौमत्वाच्या जाहीरनाम्याच्या पायावर अशा संघात असावं का? त्याला ऐंशी टक्के होकार. आणि पश्चिमेकडच्या ल्विव्ह, तेर्नोपिल, इव्हानो-फ्रँकिव्स्क या तीन प्रांतांनी तिसरा प्रश्नही विचारला, युक्रेन स्वतंत्र व्हावा का? तिथे जवळजवळ नव्वद टक्के हो! नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, सगळ्या युक्रेनला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल विचारलं, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त मतं त्याच्या बाजूने पडली. मधे ऑगस्टमधला मॉस्कोतला फसलेला कट घडला होता, हे खरंच. पण लोकांचं मन मार्चमध्येही एका प्रश्नात मावणारं नव्हतं, ते उत्तरांच्या त्या तीन आकड्यांत दिसतं.

आता बाईंची शेवटची ओळ.

गोव्याचा जनमत कौल हा देशातून फुटण्याचा नव्हता, त्यामुळे या लेखमालेत तो काठावरचा विषय. पण प्रश्नपत्रिकेच्या दृष्टीने आपल्या घरातलं याहून चांगलं उदाहरण नाही. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं असेल तर दोन पानं. विधानसभेत ठराव करून विलीनीकरण उरकता कामा नये, लोकांना थेट विचारा, हा आग्रह युनायटेड गोवन्स पक्षाच्या डॉ. जॅक सिक्वेरांचा, आणि मतदान नि:पक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खुर्ची सोडली. विलीनीकरणाविरुद्धची मोठी लढाई ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने मराठीतून लढवली, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०.

आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, त्यात याच गोव्याने बांदोडकरांचा विलीनीकरणवादी मगो पक्ष पुन्हा निवडून दिला. मुंबईत तेव्हा अनेकांना हे कोडं वाटलं. मला वाटत नाही. जानेवारीत वेगळा प्रश्न होता, मार्चमध्ये वेगळा.

त्या मतपत्रिकेवर तिसरं चित्र नव्हतं. ज्यांना स्वतंत्र घटक राज्य हवं होतं त्यांनीही दोन पानांवरच शिक्का मारला, आणि ते राज्य मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला. १९४७च्या जुलैत वायव्य सरहद्द प्रांतात असंच झालं होतं. भारत की पाकिस्तान, एवढंच विचारलं गेलं; पख्तुनांच्या वेगळ्या राज्याचा पर्याय ठेवा ही खान अब्दुल गफार खानांची मागणी मान्य झाली नाही, तेव्हा त्यांच्या खुदाई खिदमतगारांनी मतदानाकडे पाठ फिरवली. भारताच्या पेटीत तीन हजारही मतं पडली नाहीत. तो निकाल वाचताना घरी बसलेली माणसं मोजायची राहून जातात.

चित्रांचंही एक शास्त्र आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण सुदानच्या मतपत्रिकेवर वेगळं होण्यासाठी एक उघडा पंजा होता आणि एकत्र राहण्यासाठी एकमेकांत गुंफलेले दोन हात. वाचता न येणारे लोक बहुसंख्य, म्हणून हे चित्र. पण उघडा पंजा निरोपाचाही असतो, आणि प्रचारसभांत हजारो माणसं तो हलवत होती. ९८.८३ टक्के मतं त्या पंजावर पडली. तिथे चित्र काहीही असतं तरी निकाल तोच लागला असता, इतकं रक्त आधी सांडलं होतं. गोव्यात मात्र फूल आणि पानं यांनी प्रचाराची भाषाच ठरवली. गाणी, घोषणा, भिंतींवरची चित्रं सगळी त्यांभोवती फिरली.

गोव्याच्या या चित्रांबद्दल माझ्या वहीतलं पान अजून अर्धं रिकामं आहे. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, म्हणजे ज्यांनी त्या दिवशी शिक्का मारला त्यांतला सर्वात तरुण माणूसही आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : चित्र कुणी समजावून सांगितलं, रांगेत काय बोलणं चाललं होतं, फूल का, पानं का. प्रचाराचं एखादं पत्रक ट्रंकेत सापडलं तर त्याची प्रत पाठवा, मूळ कागद जपून तुमच्याकडेच ठेवा. फुलाचं असो वा पानांचं, मला दोन्ही हवं आहे.