करंट मारणारा कूलर आणि वायरिंगचा पहिला धडा

होळी आटोपली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. नवी खस लागते, टाकी भरते आणि इलेक्ट्रिशियनचा फोन वाजू लागतो, ‘भाऊ, कूलर करंट मारून राहिला.’ दर उन्हाळ्यात महावितरण कूलर जपून वापरण्याचं आवाहन करतं ते उगाच नाही. पत्र्याची बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाय असा सगळा जीवघेणा योग एकाच खिडकीपाशी जुळून येतो.

घरगुती वायरिंग शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी हाच कूलर दाखवावा. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. सुरुवात सुरक्षिततेपासून होते, मग पक्कड, टेस्टर, वायर सोलणं. मिस्त्रीच्या हाताखाली शिकणाऱ्याच्या वाट्याला मात्र आधी भिंतीला झिरी मारणं आणि शिडी धरणं येतं.

टेस्टर दिसतो साधा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. मेन बंद केल्यावर वायरला टेस्टर लावला आणि आतला दिवा लागला नाही, म्हणजे वायर मेलीच असं नव्हे. टेस्टरच मेलेला असू शकतो. त्यात गच्चीवर भर दुपारच्या उन्हात तो मिणमिणता दिवा दिसणंही कठीण. म्हणून टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघायचा, मग कामाच्या वायरला आणि पुन्हा त्याच सॉकेटमध्ये. वेळ म्हणाल तर जेमतेम अर्धा मिनिट.

नंतर थ्री-पिन प्लग. वरची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का? प्लग खोचताना ती आधी जोडली जाते, काढताना शेवटी सुटते. बॉडीत करंट उतरलाच तर त्याला जमिनीकडे जायची वाट आधीपासून तयार हवी. टू-पिन लावून कूलर चालवणारे ही वाटच बंद करतात. फॅन फिरतोय, गार हवा येतेय, मग तक्रार कशाला?

‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर तर घरोघरी ऐकू येतं. एमसीबी शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोडसाठी असतो. २३० व्होल्टवर १०० वॅटचा बल्ब साधारण ४३० मिलिअँपिअर करंट घेतो. त्याच्या चौदाव्या हिश्शाएवढा, ३० मिलिअँपिअर करंट अंगातून गेला तरी जीव धोक्यात येतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती गळती ओळखतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा.

त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. पुरवठा चालू असताना ते दाबलं की आरसीसीबी पडायला हवा. नाही पडला तर तो बदलायचा, आणि कूलर त्यानंतरच लावायचा.