चार फुटी न्हाणीघर

न्हाणीघरावर व्याख्यान म्हटल्याबरोबर काही श्रोत्यांच्या ओठांवर हसू उमटले, ते मला दिसले. पण घर बांधताना जिचा सर्वांत कमी विचार होतो आणि जी सर्वांत निसरडी असते, अशी जागा तीच.

राष्ट्रीय इमारत संहितेने न्हाणीघराला निदान १.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे सुमारे चार फूट बाय पाच फूट. एवढ्यात माणूस, बादली आणि नळ बसवायचा, तर प्रथम दाराकडे पाहावे. ७५ सेंटिमीटर रुंदीचे दार आत उघडत असेल, तर त्याच्या फेऱ्यात ०.४४ चौरस मीटर जमीन जाते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा आपण दाराला आंदण दिला! तेच दार बाहेर उघडले, की भिंत न हलवता ती जागा परत मिळते.

प्रश्न केवळ जागेचा नाही. माझ्या एका वृद्ध आप्तांना न्हाताना घेरी आली. कडी लावलेली नव्हती, तरी दार वीतभरही उघडेना. कारण ते आत उघडणारे, आणि त्याच्याआड त्यांचाच देह पडलेला. अखेर सुताराला बोलावून दाराची फळी काढावी लागली. ते वाचले, पण ती वीस मिनिटे घरातले कोणी विसरलेले नाही. बाहेरच्या बोळात दाराची अडचण होते म्हणता? मग सरकते दार लावा.

दुसरी गोष्ट उताराची. मोरीचे तोंड दारापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवून तिकडे दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार द्यावा. मग दाराजवळची फूटभर जागा कोरडी राहते आणि कपडे बदलता येतात. गवंडी उतार नजरेने देतो. आपण पाणसळ लावायला सांगावी. फरशी खरखरीत हवी. कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीचा बांधीव ओटा केला, की म्हाताऱ्या माणसांना बसून न्हाता येते. साबणाचा कोनाडा ओट्यावर बसल्या बसल्या हाताशी येईल असा असावा.

राहता राहिला पाणी तापवण्याचा गॅसचा बंब. तो या खोलीत मुळीच नको. कोंदट जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आतला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. बंब बाहेर, उघड्या हवेत टांगावा. आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. त्याने भिंतही मोकळी होते.