ट्रॅक्टरचे मॅनिफोल्ड घासण्यापूर्वी



मॅनिफोल्ड आतून घासले की ट्रॅक्टरची ताकद वाढते, असे बरेच जण सांगतात. खरे किती, ते पाहू.

सिलिंडरमधला जळका धूर हेडच्या भोकांतून बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये आणि तेथून सायलेन्सरमध्ये जातो. ओतकामात मॅनिफोल्डचे तोंड कधी कधी भोकाशी नीट जुळत नाही. कड आत आली की धूर अडतो, काजळी धरते. ती कड तेवढी काढायची. तोंड भोकापेक्षा थोडे मोठे असेल तर हात लावू नये.

इंजिन थंड असावे. नट गंजलेले असतात. आदल्या रात्री तेल सोडावे, नाहीतर स्टड तुटतो. मॅनिफोल्ड उतरवून, नवे पॅकिंग हेडच्या भोकाशी जुळते का ते पाहावे. मग तेच मॅनिफोल्डवर ठेवून खडूने खूण करावी आणि कानशीने खुणेपर्यंतच घासावे. जास्त घासले की बीड पातळ होऊन तडकते. डिझेलने धुऊन, पुसून बसवावे. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

हेडवर कानस चालवू नये. कीस सिलिंडरमध्ये गेला तर इंजिनच बसते. टर्बो असेल तर काम मिस्त्रीकडेच द्यावे.

ताकद फार वाढेल ही आशा नको. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर व इंजेक्टर तपासा.

हे सारे गळितापूर्वी उरका. तोडलेला ऊस वाटेत अडकला तर वाळतो, वजन घटते. नुकसान आपलेच.

— ऊस विकास अधिकारी